डोंग्याचं लुकण

आमच्या माजघरात आढ्याच्या कडीला एक काळपट पिवळी कांडी टांगलेली होती आणि तिच्या खालच्या टोकाला दुकानातलं शेराचं वजन. लोकांच्या माजघरात देवाच्या तसबिरी असतात, आमच्याकडे हे. येणाऱ्या बायका विचारायच्या, "बाई, हे काय वो टांगून ठेवलं?" मी काय सांगणार, कपाळ! मालकांचं सायन्स आहे म्हणायचे आणि विषय बदलायचे.

कांडीच्या शेजारी भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या. दर बाजाराच्या दिवशी आमचे हे स्टुलावर चढायचे, वजन कुठवर आलंय ते बघायचे आणि नवी रेघ ओढायचे. प्रत्येक रेघ आधीच्या रेघेच्या खाली. कांडी शिंगासारखी कडक होती. मी एकदा बत्त्यानं ठोकून पाहिली, टण्ण वाजली. तरी ती लांबत होती. कोणी हात लावत नव्हतं, वारा लागत नव्हता, आणि ते वजन आपलं हळूहळू जमिनीकडे येत होतं. खरं सांगते, मला त्या रेघांची भीती वाटायची. तिन्हीसांजेला दिवा घेऊन माजघरातून जाताना मी तिकडे बघायचं टाळायचे.

स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. चंद्रपूरला तेव्हा आम्ही चांदा म्हणायचो. माझं माहेर चांद्याच्या परकोटाच्या आत, आणि सासर वैनगंगेच्या काठी, एका लहानशा गावात. नदीच्या पल्याड वरच्या अंगाला आरमोरीचा बाजार, खालच्या अंगाला नुसतं जंगल आणि जंगलातली गावं. माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे मामंजींचं, दुकान त्या गावांवर चालायचं. तिकडून डिंक, मोहफुलं, चारोळी यायची आणि इकडून मीठ, तेल, कापड जायचं. हे नागपूरला कॉलेजात रसायन शिकत होते. मामंजींना दम्यानं धरलं तसे शिक्षण अर्धवट टाकून गावी आले. म्हणजे शरीर आलं, डोकं नागपुरातच राहिलं.

डोकं रिकामं नको म्हणून की काय, यांनी लुकणाचा, म्हणजे भेगा-चिरा बुजवायच्या लेपाचा, उद्योग काढला. बाभळीचा डिंक दुकानात पोत्यांनी पडलेला. सुताराकडून सरस आणला, जनावराचं कातडं उकळून करतात तो. दोन्ही वेगवेगळे कोमट पाण्यात विरघळवायचे आणि एकत्र करायचे. तोवर पाणी नितळ. मग त्यात चिंचेचा कोळ घालायचा, की सगळं एकदम दुधासारखं पांढरं व्हायचं आणि थोड्या वेळानं तळाशी मधासारखा दाट गोळा बसायचा. वरचं पाणी ओतून टाकायचं आणि गोळ्यात लाकडाचा भुसा कालवायचा. वाळला की दगड. माजघरातली ती कांडी त्याचीच. हे सगळं माझ्या चुलीवर, माझ्या वरणाच्या गंजात! त्या सरसाचा वास असा की दोन दिवस अन्नावर वासना जात नसे. तो गंज मी पुन्हा स्वयंपाकघरात घेतला नाही.

"एवढं कडक झालं तर मग ते लांबतं कसं?" मी एकदा वैतागून विचारलं.

त्यांना कोणी विचारलं की आनंद व्हायचा. म्हणाले, "तुले ते थिजलेलं दिसते, पण थांबलेलं नाई ते. सरसाचे कण लांब असतात, दोऱ्यासारखे. डिंकाचेही तसेच. चिंचेचं आंबट पडलं की सरसाच्या दोऱ्यावर विजेचा एक भार चढते, डिंकाच्या दोऱ्यावर त्याच्या उलटा असतेच. उलटे भार एकमेकाले ओढतात. मग जागोजागी एक दुसऱ्याले धरते. पण ते धरणं कायमचं नाई. इथी सुटते, तिथी धरते, पुन्हा सुटते. अशानं आतल्या आत सगळं सरकत राह्यते."

"मग पडत कसं नाही?"

"सगळे एकाच वेळी सुटत नाईत म्हणून."

"आणि सुटले तर?"

"तसं काऊन होईल?" ते म्हणाले आणि दुकानात निघून गेले.

आता माझ्या बरणीबद्दल सांगते. माहेरची चिनी मातीची मोठी बरणी, लोणच्याची, सासरी येतानाच तिला बुडापासून वरपर्यंत चीर गेली होती. टाकवत नव्हती. यांनी त्या चिरेत लुकण भरलं. उन्हाळाभर मी तिच्यात पाणी भरून ठेवलं, एक थेंब गळला नाही. इतके दिवस ज्या उद्योगाला मी नावं ठेवली, त्याचं मीच गावभर कौतुक करत सुटले. येईल त्या बाईला बरणी दाखवायची. आमच्या डोंगेवाल्यालाही दाखवली.

हा डोंगेवाला म्हणजे आमच्या दुकानाचा माल नदीपार नेणारा ढिवर, आमच्याकडचा कोळी. धिप्पाड, आणि सारखा हसणारा. एका अखंड झाडाचा खोल कोरलेला त्याचा डोंगा होता, त्याच्या बापानं केलेला. त्या उन्हाळ्यात डोंगा रेतीवर उन्हात पडून राहिला आणि बुडाला हातभर भेग गेली. डांबर भरून पाहिलं, ते निघून यायचं. नवा डोंगा करायचा तर झाड पाहिजे, झाडासाठी जंगल खात्याची परवानगी पाहिजे, आणि परवानगी देणारे साहेब कायम दौऱ्यावर. माझी बरणी त्यानं उचलून, उलटी करून, टिचक्या मारून पाहिली आणि सरळ यांच्यापुढे जाऊन बसला.

"मालक, माया डोंग्याले हे लावून द्या."

"नाई जमणार भाऊ. ते आतून सरकून राह्यलं आहे. ती कांडी पाह्यली ना?"

"सरकू द्या ना बाप्पा! आमी का तिथी वर्षभर बसून राह्यतो? नदी पार कराले वेळ किती लागते! बाईच्या बरणीले चालते आन मायासाठी काऊन नाई?"

यांनी दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदाही नाही म्हटलं. मग मामंजी बोलले. पाऊस धरला की पल्याड बैलगाडी जात नाही. त्याआधी जंगलगावांत मीठ पोचलं नाही तर लोक पावसाळाभर अळणी खातील, आणि दुसऱ्या दुकानाकडे वळतील ते वेगळंच. बापापुढे यांचं काही चालत नसे. भेगेत लुकण भरलं. वाळल्यावर डोंगा घाटाशी पाण्यात उतरवला, आत दगड भरले आणि तसाच ठेवून दिला. कितीतरी दिवस. रोज सकाळी हे आत हात फिरवून यायचे. कोरडा ठणठणीत. डोंगेवाल्यानं खूश होऊन आमच्याकडे मासे पाठवले. खाणारे आम्ही नव्हतो, शेजारी दिले.

पहिल्या खेपेला मीठच न्यायचं, हा आमच्या घरचा नेम. तेल नाही, कापड नाही, फक्त मीठ. मामंजींच्या आजोबांपासूनचा. जंगलातल्या माणसाकडे आधी मीठ घेऊन जावं, मग व्यापार बोलावा, असं म्हणत. आषाढ लागला होता, आमच्याकडे पाऊस अजून धरला नव्हता, पण वरच्या अंगाला होऊन नदी चढलेली. संध्याकाळी घाटावर पोती भरली. खडेमिठाची, तागाची पोती, डोंग्याच्या बुडाला अंथरल्यासारखी. झिमझिम चालू होती, म्हणून वर बांबूचे तट्टे टाकले. डोंगेवाल्याच्या बायकोनं डोंग्याला हळदकुंकू लावलं आणि सगळे जेवायला घरी गेले. सकाळी निघायचं ठरलं.

हे घरी आले आणि हात धुताना म्हणाले, "उद्या मीही जातो."

"तुम्ही? तुम्हाला विहिरीत पोहरा सोडता येत नाही धड, आणि नदीत कुठं निघालात?"

"लुकण माझं आहे. पहिल्या खेपेले मीच बसलो पाह्यजे."

मी भांडले. रडले पण. यांना पोहायला अजिबात येत नव्हतं, गुडघाभर पाण्यात घाबरणारा माणूस. पण एरवी मऊ असलेला हा माणूस एखाद्या गोष्टीवर बसला की हलत नसे. शेवटी रागानं मी कैऱ्या फोडायला बसले. अडकित्त्यानं कचाकच फोडी केल्या, मीठ-हळद चोळली आणि माहेरच्या त्या बरणीत दडपून भरल्या. रात्रभर पाणी सुटू द्यायचं, सकाळी मसाला कालवायचा, अशी आमची पद्धत. मागे माजघरात ते वजन टांगलेलं होतं. त्या संध्याकाळी मला ते जास्तच खाली आल्यासारखं वाटलं, पण बोलून दाखवलं नाही.

सकाळी हे लवकर निघून गेले. मी अबोल्यातच होते, "या" सुद्धा म्हटलं नाही. स्वयंपाकघरात गेले तर जमिनीवर पिवळं पाणी. बरणीखालून चुलीपर्यंत ओघळ गेलेला. माझं डोकंच फिरलं. वर्षाचं लोणचं गेलं, गेलं यांच्या सायन्सपायी! बरणी उचलायला हात घातला तर चिरेतलं लुकण बोटाला चिकटून आलं, ओल्या शेंबडासारखं. बरणीचे दोन तुकडे माझ्या हातात आले आणि फोडी धबाधब जमिनीवर पडल्या.

उन्हाळाभर हिच्यात पाणी होतं. तेव्हा एक थेंब गेला नाही, आणि आज एका रात्रीत हे असं? मी बोटाकडे बघत उभी राहिले. मग बोट जिभेला लावलं. खारट.

मिठाची पोती रात्रभर डोंग्यात. वरून झिमझिम. तट्ट्यातून पाणी ठिबकलं असणार, मीठ विरघळून बुडाशी साचलं असणार, बरोबर त्या भेगेवर.

डोक्यावर पदर नाही, पायात काही नाही, तशी पळाले. मामंजी ओट्यावर होते. "डोंगा थांबवा, मामंजी, डोंगा!" एवढंच ओरडले. "काऊन? का झालं?" ते विचारत राहिले, पण मी तोवर गल्ली ओलांडली होती. घाटावर डोंगेवाल्याची बायको टोपली धूत बसली होती. डोंगा नदीच्या मध्यात. तांबडं पाणी भरून वाहत होतं आणि त्यात ते दोघं बोटाएवढे दिसत होते.

"मीठ फेका!" मी ओरडले. "मीठ फेका पाण्यात!"

माझा आवाज घरातल्या बाईचा, नदीवर कुठं पोचतोय! डोंगेवाल्याच्या बायकोनं माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघितलं. पण तिनं काही विचारलं नाही. उभी राहिली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि रोज पल्याडच्या नवऱ्याला हाक मारायची त्या आवाजात माझेच शब्द ओरडली, "मीठ फेका जी! मीठ!"

तो वळला. त्यानं हात हलवला, जणू आम्ही थट्टा करतोय. पण हे खाली वाकले. मला इतक्या लांबून दिसलं, त्यांनी डोंग्याच्या बुडाशी हात घातला आणि तो हात तोंडाला लावला. चव बघितली. पुढच्याच क्षणाला हे पोतं ओढायला लागले. दोघांनी मिळून एक पोतं टाकलं, दुसरं टाकलं. तिसरं उचलताना डोंग्याचं नाक खाली गेलं.

डोंग्याच्या टोकाला दोन सुके तुंबे दोरीनं बांधलेले असत. नदीवरचे लोक पुरात पोहताना छातीला बांधतात ते भोपळे. डोंगेवाल्यानं ते ओढून काढले. मला वाटलं स्वतःला बांधतोय. त्यानं ते यांच्या गळ्यात अडकवले, काखेखालून दोरी घेतली आणि यांना ढकलून दिलं. मग तिथं तांबड्या पाण्याशिवाय काही दिसेना. शेजारी उभ्या असलेल्या त्या बाईनं माझं मनगट धरलं होतं. ती म्हणाली, "भिऊ नका बाई, तो आनते मालकाले. तो तं मासोळीच आहे."

हे खाली बऱ्याच लांब, वाळूच्या दांडीला लागले. लोकांनी ओढून काढलं. डोंगेवाला सापडला नाही. कोणी म्हणे डोंग्याखाली आला, कोणी म्हणे पोत्याच्या सुतळीत पाय गुंतला. जो माणूस नदी रोज अशीच पोहून यायचा तो गेला, आणि गुडघाभर पाण्याला भिणारा आमच्या घरी परत आला. मी देवाचे पाय धरले. त्याच वेळी घाटावरून तिचं रडणं ऐकू येत होतं. मला आनंद झाला होता आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती. दोन्ही खरं आहे.

यांना ताप भरला. ते पडून असताना मी विळा घेऊन माजघरात गेले आणि ती कांडी कापून टाकली. वजन धाडकन पडलं, जमिनीला खड्डा पडला. भिंतीवरच्या रेघा शेणानं सारवून काढल्या. ताप उतरल्यावर यांनी वर रिकाम्या कडीकडे पाहिलं. बरेच दिवस गेले आणि एकदा आपणहून म्हणाले, "मिठावरही भारच असतात. लय बारके. ते मधी घुसतात. सरसाचा दोरा डिंकाले सोडून मिठाले धरते, डिंकही तसाच. मग एकमेकाले धराले कोणीच राह्यत नाई. हे मी वाचलं होतं गं. कॉलेजात वाचलं होतं. पण आपल्या घरात मीठ म्हटलं की मले पोतं आठवते. पुस्तक आठवलंच नाई."

त्यानंतर हे दुकानात बसेनात. घाटाकडे तर पाठच. गावात कोणी यांना बोल लावला नाही, हे मुद्दाम सांगते. नदीनं नेलं, असं सगळे म्हणत. डोंगेवाल्याची बायकोही तेच म्हणे. दुकानात यायची, जरा टेकायची, "मालक बरे आहेत ना?" विचारायची आणि जायची. तिच्यापुढे मान वर करायला मला जड जाई.

पौषात नदी उतरली. एका दुपारी ती आली, पदराखाली काहीतरी झाकून. ओसरीवर बसली आणि लाकडाचा एक फुटका तुकडा काढून ठेवला. डोंग्याच्या बुडाचा, खाली वाळूत रुतलेला सापडला म्हणाली. भेगेचा थोडा भाग त्यात आला होता, आणि भेगेत लुकण. वाळून पुन्हा शिंगासारखं झालेलं.

"मालकाले बलवा," ती म्हणाली. हे आले, दारातच थबकले. तिनं तुकडा ओसरीच्या दगडावर आपटला, टण्ण वाजला. "पाहा मालक. पाहा किती पक्कं आहे. तुमचं लुकण सुटलं नाई. डोंगाच जुना व्हता, लाकूडच फुटलं. तुमी उगाच मनाले लावून बसले. तो असता तं त्यानंच तुमाले हसलं असतं."

एवढ्यासाठी ती एवढं ओझं घेऊन आली होती. मला भरून आलं. मी यांच्याकडे पाहिलं, आणि यांचा चेहरा बघूनच कळलं हे काय करणार. मी मानेनं नको म्हटलं. डोळ्यांनी विनवलं. अहो, कशाला? ती शांत झाली आहे, तुम्हालाही मोकळं करायला आली आहे, असू द्या ना! त्या क्षणी मला यांचा संताप आला होता.

"मीठ आण," हे म्हणाले. "आणि परातीत पाणी."

मी हलले नाही. मग हे स्वतः आत गेले. परात आणली, पाण्यात मुठी-मुठीनं मीठ घातलं आणि तो तुकडा त्यात ठेवला. तिला म्हणाले, "बसा वहिनी. वेळ लागते." कारण नीट सांगितलं, मला कांडीचं सांगितलं होतं तसंच, सोप्या शब्दांत. ती ऐकत होती की नाही कळेना, परातीकडे बघत होती. दुपार कलली. मी चहा केला, कोणी प्यायलं नाही. उन्हं ओसरीवरून खाली उतरली तेव्हा लुकणाची कड पांढुरकी झाली होती. तिनं बोट लावलं. वरचा थर बोटाला चिकटून आला.

"पुरं सुटाले किती वेळ लागते?" तिनं विचारलं.

"रात्रभर," हे म्हणाले.

ती बोट पदराला पुसत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी संध्याकाळी तो घरी येऊन जेवला. दोनदा भात घेतला. पोराईसंग हसला, मंग झोपला." तिनं परातीकडे पाहिलं. "म्हंजे तो जेवून राह्यला होता, तवाच हे तिथी सुटून राह्यलं होतं."

यांनी होकारार्थी मान हलवली. ती उठली, परातीतला तुकडा काढून घेतला, पाणी निथळू दिलं आणि पदराखाली धरून निघाली. दारात थांबून माझ्याकडे वळली, "बाई, त्या दिवशी मले हाक माराले लावली ते बरं केलं. मायाच आवाज त्यानं शेवटी आयकला."

नंतर कितीतरी वर्षं ती आमच्या दुकानात येत राहिली. डाळ न्यायची, तेल न्यायची, यांची तब्येत विचारायची. मीठ मात्र तिनं आमच्याकडून पुन्हा कधी नेलं नाही.